शालूबाईच्या ट्रकची साखळी

मित्रांनो, मी साखळी. जुनी आहे, गंजलेली आहे, पण अजून तुटलेली नाही, एवढं आधी ऐकून घ्या. मला बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल मुरडावं. माझ्या एकेका कडीने जेवढे घाव सोसले तेवढे त्यांच्या अख्ख्या घराण्याने सोसले नसतील.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या मागच्या-पुढच्या सालातली माझी गोष्ट. परंदवडीच्या शालूबाईने मला घडवून घेतलं. शालूबाई कोण, ते आधी सांगते. नवरा लवकर गेला. पदरात थोरली लेक रतन आणि धाकटा सोपान. भाऊबंद जमिनीवर डोळा ठेवून बसलेले. बाईने एकेकाला भर चावडीवर असं झाडलं की पुन्हा तिच्या बांधावर कुणी पाऊल टाकलं नाही. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण अंगठा उठवायची लाज वाटते म्हणून सही तेवढी शिकली. लेक लोणावळ्याच्या धोंडिबाला दिली. त्याचा स्वतःचा ट्रक होता. जावयाचा ट्रक बघून बाईच्या मनाने घेतलं, आणि अंगावरचं सोनं मोडून तिने सोपानसाठी एक जुना ट्रक आणला. तेव्हा हमरस्त्याच्या कडेने कारखाने उठत होते. खडी-विटा वाहायला गाड्या पुरत नव्हत्या. परंदवडीतला पहिला ट्रक शालूबाईचा. पोरांना त्याला हात लावायचा असला तर आधी तिच्या तोंडाकडे बघावं लागे.

घराची आळी अरुंद, म्हणून ट्रक भैरोबाच्या देवळापुढच्या माळावर उभा राही. घरातून दिसायचा नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

मित्रांनो, गाडीची बॅटरी तुम्ही पाहिली असेल. काळा चौकोनी डबा, आत शिशाच्या पट्ट्या. ते शिसं मोडीत चांगलं खपतं. हातात पाना असला तर विडी संपायच्या आत बॅटरी सुटते आणि पोत्यात जाते. त्या काळी तळेगावपासून घाटापर्यंत उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या पटापट नाहीशा होत. कार्ल्याला चहाला थांबलेला ड्रायव्हर बॅटरी सोडवून आत आणी आणि टेबलाखाली दोन पायांत धरून भजी खाई. लोक हसायचे. एक दिवस शालूबाईच्या ट्रकची बॅटरी गेली, तेव्हा परंदवडीचं हसू थांबलं. सोपान हँडल मारून मारून घामाघूम झाला, पण गाडी हूं की चूं करेना.

बाई तडक सोमाटण्याला जानू लोहाराकडे गेली.

"जानू, साखळी पायजे. अशी, का चोराचा बाप आला तरी त्याचे दात पडावे."

"शालूबाई, चोराचा बाप काय कडी चावनार हाय? तो कानस लावतो."

"मग कानस झिजंल अशी कर. कडी कापली गेली ना, तर तुझ्या भट्टीत मी सोता घागर ओतीन."

जानू हसला, पण कामाला लागला. लाल लोखंड वाकवलं, टोकाला टोक भिडवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं. मी फुस्स करून पहिला श्वास घेतला. शालूबाई पदर खोचून शेजारीच बसली होती. प्रत्येक कडी ती स्वतः ओढून बघे आणि दोन कड्या तिने परत भट्टीत टाकायला लावल्या. खरं सांगते, मला तेव्हाच तिचा अभिमान वाटला. माल पारखून घेणारी बाई होती ती.

नव्या बॅटरीभोवती मला गुंडाळलं, ट्रकच्या चासीतून, खालच्या लोखंडी सांगाड्यातून, ओवलं आणि पितळी कुलूप घातलं. किल्ली बाईच्या कनवटीला. एवढ्यावर ती थांबली नाही. तिने चुलीत सळई तापवली आणि बॅटरीच्या काळ्या अंगावर गोपद्म काढलं. दारात रांगोळीचं काढतात ना, गाईचं पाऊल, तेच. "लिहिता येत न्हाई म्हनून काय झालं," ती सोपानला म्हणाली, "माझा हात मला वळखू येतो."

आणि राखणीला तिने बहिरूला ठेवलं.

बहिरू डोंगरावरच्या ठाकरवाडीचा. मोजकं बोलणारा, बाईला पाटलीणबाई म्हणणारा. रात्री ट्रकखाली गोणपाट टाकून निजे. सकाळी माझ्यावरचं दव फडक्याने पुसून काढी, कुलपात करंजाच्या तेलाचा थेंब सोडी. मला गंज चढू नये ही काळजी त्या एका माणसाने केली. बदल्यात त्याला मिळे उरलीसुरली भाकरी, वर्षाला धोतर आणि रोजच्या शिव्या. बाईचं म्हणणं, शिव्या दिल्या नाहीत तर माणूस सैलावतो.

त्यानंतर शालूबाईची बॅटरी हलली नाही. आसपासच्या गावांत चोऱ्या होत राहिल्या. लोक माळावर येऊन मला हात लावून बघत आणि म्हणत, "काय साखळी हाय!" मी ताठ व्हायची. बहिरूकडे कुणी बघत नसे.

मग खंडेनवमी आली.

तुमच्या घरीही त्या दिवशी हत्यारं पूजेला लावत असतील. नांगर, विळा, कोयता धुऊन मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. शालूबाई रीतीभातीची पक्की. तिने माझं कुलूप काढलं आणि मला घरात नेऊन पाटावर मांडलं. साखळीही कामाचंच हत्यार ना! झेंडूची फुलं वाहिली, कुंकवाची बोटं लावली. आणि बॅटरी माळावर उघडी.

दसऱ्याच्या सकाळी बहिरू दाराशी आला. मी पाटावरून सगळं ऐकत होते.

"पाटलीणबाई, साखळी हितं, कुलूप हितं. मी आज गाडीपासनं हलत न्हाई."

"न्हाई हलला तर आपट्याचं सोनं काय मी डोंगर चढून आनू? तुझ्या बापापासनं वाडीचाच मानूस आनतो."

"मग गाडीपाशी कोन?"

"दसऱ्याच्या दिशी कोन चोरी करतंय रं? आनि ती बी शालूबाईच्या गाडीत? जा मुकाट. जावईबापू आल्यात, त्यांच्या हातात पयलं सोनं पडाय पायजे."

जावई धोंडिबा सोप्यात बसून बशीतला चहा फुंकत होता. सणाला तो आपला ट्रक घेऊन आला होता आणि तोही माळावर शेजारीच लावला होता. त्याने बहिरूकडे पाहिलं नाही की सासूकडे पाहिलं नाही. चहा तेवढा संपवला.

बहिरू डोंगरावर गेला. दुपार कलता कलता आपट्याच्या डहाळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरला. अख्ख्या गावाने त्यातली पानं घेतली, एकमेकांना वाटली, पाया पडले. मग सोपान ट्रक घेऊन भैरोबाभोवती फेरा मारायला गेला आणि बॅटरीची जागा मोकळी दिसली.

माळावर गाव गोळा झालं. शालूबाई आली तेव्हा तिच्या काखेत मी होते, पाटावरून तशीच उचललेली, कुंकवासकट.

"सासूबाई," धोंडिबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माल कसा सुटतो, ते राखनदारालाच ठावं असतं."

"मी तर कवाच म्हनलं हुतं," शेजारची येसूबाई म्हणाली. "डोंगरातलं मानूस पायाशी निजवू नये." ती काही कधी म्हणाली नव्हती. पण गर्दीत सगळ्यांचाच आवाज मोठा होतो.

बहिरूला वाटलं, काही तरी चूक होते आहे, आत्ता सरळ होईल. तो जवळजवळ हसतच पुढे आला.

"पाटलीणबाई, तुमीच धाडलं की मला. सांगा ह्यास्नी. मी डोंगरात हुतो."

मित्रांनो, शालूबाईचं तोंड आयुष्यात कधी बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्या वेळी ते बंद झालं. समोर भाऊबंद उभे होते, ती कुठे चुकते याची वाट पाहणारे. शेजारी जावई. राखणदाराला मीच पानं तोडायला पाठवलं, गाडी मीच उघडी टाकली, हे त्यांच्यासमोर बोलायचं? तिने मान वळवली.

"बांधा त्याला," ती म्हणाली.

मला बहिरूच्या घोट्याभोवती आवळलं, दुसरं टोक ट्रकच्या बंपरला आणि तेच पितळी कुलूप. त्याने स्वतः तेल घातलेलं, म्हणून चटकन बसलं. माझ्या कड्यांवरचं कुंकू त्याच्या पायाला लागलं. कुणी तरी म्हणालं, "बघा, चोराची बी पूजा झाली," आणि माळ हसला. पोरं पुढे येऊन मला ओढून बघत, पाय किती येतो ते. ओढलं की बहिरू गुडघ्यावर येई. पोरांना मौज वाटली. त्यांनी पुन्हा ओढलं.

चार माणसं वाडीवर झडती घ्यायला गेली. तिथली मडकी उलथली, नाचणी सांडली, बाळंतिणीच्या अंथरुणाखालीसुद्धा हात घातले. मिळालं काहीच नाही. आणि जिथे बहिरूला बांधलं होतं तिथून हाताच्या अंतरावर जावयाचा ट्रक उभा होता. त्याचं बॉनेट उचलून बघावं असं एकाच्याही मनात आलं नाही. जावयाची झडती कोण घेतो?

बहिरूची बायको गंगी धापा टाकत आली. तिने नवऱ्याचा पाय पाहिला, मग लोकांचे हात पाहिले.

"हातात काय धरलंय तुमी?" ती ओरडली. "आपटा न्हवं? कुनी तोडला? कवा तोडला? ह्यो झाडावर हुता तवा बॅटरी काय ह्याच्या भुतानं नेली?"

लोक आपापल्या हातांतल्या पानांकडे बघू लागले. एका क्षणात सगळं उलगडलं असतं.

"पान झाडाला येतं गं," शालूबाई म्हणाली, "त्याला बहिरू कशाला लागतोय?"

आणि माळ पुन्हा हसला. मला त्या दिवशी कळलं की बाईची जीभ माझ्यापेक्षा मजबूत आहे.

दिवेलागणीला वाडीचा म्हातारा शिदू चार माणसं घेऊन आला आणि शालूबाईपुढे उकिडवा बसला.

"पाटलीणबाई, वस्तू आमच्याकडं न्हाई. असती तर दिली असती. पोराचा पाय सुजलाय. काय करू सांगा."

"वस्तू न्हाई तर अंग हाय का न्हाई? यंदाचं माझं भात वाडीनं कापायचं. फुकाट. समदं. मग सोडते."

शिदूने मान खाली घातली. "कापतो," म्हणाला. कुलूप निघालं. माझ्या कडीखाली बहिरूच्या घोट्याची सालपटं चिकटून आली.

वाडीने भात कापायला घेतलं. बाया, म्हातारी, पोटुशी, सगळी वाकली. बहिरू लंगडत लंगडत कापे. बाई बांधावर उभी राहून पेंढ्या बघे आणि बारीक बांधली म्हणून तोंड सोडी. वाडीची स्वतःची डोंगरातली नाचणी त्या दिवसांत रानडुकरांनी लोळवली, कारण राखायला वर कुणी उरलं नव्हतं.

कापणी निम्मी झाली असेल तेव्हा सोपान लोणावळ्याला गेला, कुठे जुनी बॅटरी मिळते का बघायला. परत आला तो एसटीतून पोतं मांडीवर घेऊन. मी घरात खुंटीला होते. त्याने आईसमोर पोतं उघडलं. वंगणाने माखलेली बॅटरी. त्याने अंगठ्याने वंगण पुसलं आणि खाली गाईचं पाऊल निघालं.

"कुटं गावली?"

"धोंडिबादाजींच्या गाडीत. बॉनेट उघडं हुतं. इचारलं, तर हसले. म्हनले, घरातलीच वस्तू, ने की. त्यांची सोताची बॅटरी दसऱ्याच्या आदल्या दिशी मेली हुती म्हनं."

शालूबाई बराच वेळ त्या खुणेवर बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता ही उठेल, शेतावर जाईल, विळे खाली ठेवायला सांगेल. बाई कडक होती, पण खोटी नव्हती, असं मी तोवर समजत होते.

"आये, बहिरूला सांगाय पायजे."

"काय सांगनार? माझा जावई चोर हाय म्हनून? रतन काय तोंड दाखवंल सासरी? त्या भाऊबंदांस्नी आयतं कोलीत." आणि मग हळू म्हणाली, "ठाकराला चोर म्हनलं तर त्याचं काय जातंय रं? त्याला कुटं पोरगी द्यायची हाय आपल्याला? भात कापून हूं दे. गप बस."

सोपान गप बसला. तो त्याचा गुण होता, सगळे म्हणत, सोपान आईच्या शब्दाबाहेर नाही.

भात कापून झालं, खळ्यावर आलं. झोडपणी चालली होती, गावातली माणसं बसली होती. बहिरू पुढे आला. त्याने मजुरी मागितली नाही. नाचणीची भरपाई मागितली नाही.

"पाटलीणबाई, काम फिटलं. आता एवढंच बोला, बहिरू चोर न्हाई. ह्या मानसांत बोला. मी जातो."

खळं थांबलं. मी बाईच्या बैलगाडीच्या साटीवर पडलेली होते. बाईने पदर सारखा केला. सोपानने डोळे मिटले.

"गेली वस्तू घावली," शालूबाई म्हणाली. "आमच्या घरात आली. आता ज्याचं त्याच्यापाशी. कोनी काय बोलायचं न्हाई."

शब्दन् शब्द खरा. पण खळ्यावरच्या माणसांनी काय समजायचं ते समजून घेतलं. "साखळीनं कबूल करवलं लेकाला!" कुणी तरी मांडीवर थाप मारली. "वस्तू मागल्या दारानं आनून टाकली वाटतं!" बहिरू बाईकडे बघत उभा राहिला. आणखी एक वाक्य येईल म्हणून. ती सुपाने भात वारवू लागली.

तेव्हापासून माझं नाव पंचक्रोशीत झालं. चोर बोलता करणारी साखळी! कार्ल्याहून मागणं आलं, आंदर मावळातून चालत माणसं आली. मित्रांनो, गाडीला बांधायला न्यावं ना मला, ज्याच्यासाठी मी घडले? पण नाही. कोंबडी गेली, कडबा गेला, की मला नेत आणि वाडीवरचा जो हाताला लागेल त्याचा पाय शोधत. मी कुणाला काही विचारू शकत नाही. ज्याच्या पायात घालाल त्याला आवळते, तेवढंच मला येतं. गाड्या मात्र उघड्याच उभ्या राहिल्या आणि बॅटऱ्या जातच राहिल्या, कारण नेणारे मानाने चहा पीत सोप्यात बसलेले होते.

बहिरूने राखण सोडली आणि खंडाळ्याच्या घाटात खडी फोडायला गेला. तिथेही नाव त्याच्या आधी पोचलं होतं. मुकादमाने विचारलं, "साखळ्या तो तूच का?" मग त्याला बहिरू म्हणणारी वाडीतली दोन-चार म्हातारी माणसं उरली.

पुढच्या दसऱ्याला धोंडिबा आला. त्याला पाटावर बसवलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. पोळीचा घास मोडता मोडता तो म्हणाला, "सासूबाई, दिस लय वंगाळ आल्यात. उभ्या गाडीतनं सामान जातंय आमच्या लोनावळ्यात. तुमची ती साखळी लय गुनाची, म्हनं. द्या की मला."

शालूबाईचा तुपाचा हात थांबला. तिने जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. तो सरळ तिच्याकडे बघून हसत होता. त्याला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिने मुकाट्याने उठून मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्या हातात दिलं, वर कुलूप दिलं आणि कनवटीची किल्लीही दिली.

तेव्हापासून मी चोराची गाडी राखते आहे. तेल मला पुन्हा कुणी घातलं नाही. वळणावळणाच्या घाटात चिखल खाते, धूर खाते.

मधे एकदा ही गाडी लोणावळ्याच्या शाळेपुढे उभी होती. पोरं सुटली. एक ठाकराची पोर पाटी छातीशी धरून भिंतीकडेने चालली होती आणि मागून दहा तोंडं ओरडत होती, "साखळ्याची! ए साखळ्याची!" नाकडोळे गंगीचे. तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरीला वाटत असेल, आपल्याला हेच नाव आहे.

म्हणून सांगते मित्रांनो, गाडी उभी करायची तर डोळ्यांसमोर करा. सणावाराला तर दुप्पट लक्ष द्या, कारण आपण पाया पडायला वाकतो तेव्हाच मागून हात जातो. वस्तूवर आपली खूण करा. चांगली साखळी लावा, कुलपात तेल घाला. आणि वस्तू गेलीच, तर आधी मानाच्या पाहुण्याचं बॉनेट उचला, मग डोंगराकडे बघा.

मी लोखंडाची आहे. गंज मला आज ना उद्या खाईल. त्या पोरीच्या मागे लागलेल्या नावाला गंज चढत नाही, आणि ते तोडणारं एक वाक्य जिला येत होतं ती बाई अजून धडधाकट आहे. परंदवडीत रोज सकाळी दारात सडा घालते, दिवसभर बोलते, साऱ्या गावाशी बोलते.